नागपूरची नभोवाणी

१६ जुलै १९४८ रोजीं नागपूर केंद्र सुरू झालें, तेव्हां हें शहर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतें. प्रांताच्या भाषा दोन, मराठी आणि हिंदी. केंद्रालाही दोन्ही सांभाळाव्या लागल्या. १९५६ सालीं राजधानीपद गेलें, केंद्र मात्र राहिलें. देशाच्या मध्यावर असण्याचा खरा उपयोग पुढें झाला. १८ मे १९८८ पासून येथील १००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून रात्रीची राष्ट्रीय वाहिनी ऐकूं येऊं लागली. रात्रीं मध्यम लहरी वरच्या वातावरणावरून परावर्तित होऊन शेंकडों मैल जातात, एफ्. एम्.च्या लहरींची धांव क्षितिजाच्या आसपासच संपते. ती वाहिनी २०१९ च्या आरंभीं बंद पडली. शहरांत एफ्. एम्.चा आवाज स्वच्छ येतो खरा. पण तो गडचिरोलीच्या अरण्यापर्यंत पोंचत नाहीं, हें आम्हां शहरवासीयांच्या सहसा ध्यानांतही येत नाहीं.