फुफ्फुसाचा आजार आणि मूत्रपिंडाची हानी

महाराष्ट्रात कोविड-१९ चे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्यानंतर दोन महिने वर्धा जिल्हा या रोगापासून दूर राहिला होता. एप्रिल २०२० अखेर केंद्र शासनाने जिल्ह्यांची जी वर्गवारी केली, तीत वर्ध्याचा समावेश हरित पट्ट्यात होता. मे महिन्यात मात्र जिल्ह्यात पहिल्या रुग्णाची नोंद झाली आणि पुढे दोन लाटांत सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय यांना उपचारांचा मोठा भार उचलावा लागला.

त्या दिवसांत गावोगावी चर्चा असे ती ऑक्सिजनची. बोटाला लावावयाचे यंत्र घरोघरी परिचयाचे झाले. परंतु श्वसनमार्गाच्या तीव्र विषाणुसंसर्गात केवळ फुफ्फुसेच धोक्यात येतात असे नाही. रुग्णालयात दाखल झालेल्या अनेक रुग्णांची मूत्रपिंडेही या काळात निकामी होऊ लागतात, आणि ही हानी बहुधा वेदना न होता, गाजावाजा न करता घडते. म्हणूनच तिची माहिती आरोग्य कर्मचाऱ्यांप्रमाणेच सरपंच, शिक्षक व ग्रामसेवक यांनाही असणे अगत्याचे आहे.

मूत्रपिंडाचे कार्य

माणसाच्या शरीरात पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक मूत्रपिंड असते. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन लहान अवयवांकडे जातो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक पुन्हा रक्तात शोषला जातो आणि दीड लिटरच्या आसपास लघवी बाहेर पडते. रक्तातील टाकाऊ द्रव्ये काढणे, क्षारांचा समतोल राखणे आणि रक्तदाब आवरणे ही कामे मूत्रपिंडे अखंड करीत असतात. एवढा मोठा रक्तपुरवठा लागत असल्यामुळेच शरीरात रक्ताचा दाब किंवा ऑक्सिजन कमी पडला की त्याची झळ या अवयवास लवकर बसते.

हानी कशी होते?

या हानीला एकच कारण नसते. अनेक कारणे एकत्र येतात. ताप, जुलाब, उलट्या आणि अन्नपाण्यावरील वासना उडणे यांमुळे शरीरातील पाणी घटते. २०२१ ची दुसरी लाट ऐन एप्रिल-मे महिन्यांत आली होती, आणि विदर्भातील उन्हाळा कसा असतो हे येथील वाचकांस सांगावयास नको. आजार बळावल्यावर शरीराची प्रतिकारयंत्रणाच अनावर होते, रक्तदाब उतरतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. कोविडचा विषाणू ज्या ग्राहक प्रथिनाच्या आधारे पेशीत शिरतो, ते प्रथिन मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशींवरही असते. तथापि थेट शिरकावापेक्षा संपूर्ण शरीराच्या बिघाडाचाच वाटा अधिक असतो, असे तज्ज्ञ मानतात.

न्यूयॉर्क परिसरातील १३ रुग्णालयांत मार्च-एप्रिल २०२० मध्ये दाखल झालेल्या ५,४४९ रुग्णांची पाहणी करण्यात आली, तेव्हा ३६.६ टक्के रुग्णांच्या मूत्रपिंडांस तीव्र इजा झाल्याचे आढळले. कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवलेल्यांत हे प्रमाण ८९.७ टक्के होते. इतरांत ते २१.७ टक्के होते. चीनमधील वुहान येथील ७०१ रुग्णांच्या पाहणीत मात्र अशी इजा ५.१ टक्के रुग्णांतच दिसली. परंतु दाखल होताना ४३.९ टक्के रुग्णांच्या लघवीतून प्रथिने जात होती. रुग्णांचे वय, पूर्वीचे आजार व रोगाची तीव्रता यांनुसार आकडे बदलतात. आजार जितका तीव्र, तितका मूत्रपिंडास धोका अधिक, हा निष्कर्ष मात्र कायम राहतो. मधुमेही, उच्च रक्तदाबाचे रुग्ण, वृद्ध आणि आधीच मूत्रपिंडाचा विकार असलेले यांना हा धोका विशेष असतो.

औषधांचीही दुसरी बाजू

काही वेळा उपचारही मूत्रपिंडास जड जातो. दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीच्या रोगाने अनेकांना ग्रासले. त्यावरील अॅम्फोटेरिसिन-बी या इन्जेक्शनचा तुटवडा पडला असता वर्ध्यातील जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्यात मे २०२१ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. हे औषध जीव वाचविणारे आहे. परंतु मूत्रपिंडावर त्याचा ताण पडतो, विशेषतः त्याच्या जुन्या, साध्या प्रकाराचा. म्हणून ते देताना रक्ताची वारंवार तपासणी करावी लागते. काही प्रतिजैविकांच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी लागते.

याहून साधी आणि म्हणून अधिक घातक गोष्ट म्हणजे दुकानातून स्वतः आणलेली वेदनाशामके. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. तापाने व उन्हाने शरीर कोरडे पडलेले असताना त्या घेणे धोक्याचे असते. तापासाठी योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित होय.

ओळखावे कसे?

रक्तातील क्रिएटिनिन हे द्रव्य मूत्रपिंडाच्या कार्याचे माप समजले जाते. ४८ तासांत ते ०.३ मिलिग्रॅमने वाढले किंवा आठवडाभरात दीडपट झाले, तर तीव्र इजा झाली असे मानतात. दुसरे माप लघवीचे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी लघवी सलग सहा तास होत असेल, तर तीही धोक्याची खूण आहे. पन्नास किलो वजनाच्या माणसास हे प्रमाण सहा तासांत १५० मिलिलिटर, म्हणजे चहाचे साधारण दोन लहान कप, एवढे येते. हे मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. खुणा केलेले भांडे पुरते. लघवी कमी होणे, तिचा रंग गडद होणे, पायांवर वा चेहऱ्यावर सूज, गुंगी ही लक्षणे दिसताच रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात वा रुग्णालयात न्यावे.

सौम्य आजारात, जुलाब-उलट्या होत असल्यास, जलसंजीवनी वेळेवर द्यावी. मात्र ज्याला धाप लागली आहे किंवा ज्याची लघवी थांबली आहे, त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज भरमसाट पाणी पाजू नये; अशा वेळी जादा पाणी फुफ्फुसांत साचण्याची भीती असते. मधुमेह व रक्तदाबाची औषधे मनाने बंद करू नयेत किंवा वाढवूही नयेत.

मूत्रपिंडे पुरती थांबली तर डायलिसिसचा आधार घ्यावा लागतो. हा आधार अनेकांना थोड्या काळापुरताच लागतो. रोगातून वाचलेल्या बहुसंख्यांची मूत्रपिंडे पुढे बऱ्याच अंशी सावरतात. खर्चाच्या धास्तीने उपचार टाळले जाऊ नयेत म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा अंतर्भाव आहे, आणि २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाद्वारे जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी ही सेवा मोफत देण्यास आरंभ झाला.

घरी परतल्यानंतर

खरी उणीव राहते ती यापुढे. रुग्ण घरी आला, हिंडू-फिरू लागला की आजार संपला असे सर्वांस वाटते. प्रत्यक्षात मूत्रपिंडाची निम्मी शक्ती गेली तरी माणसाला त्रास जाणवत नाही. ज्यांना इजा झाली होती, त्यांतील काहींना कायमचा विकार जडतो आणि तो वर्षांनंतर उघडकीस येतो, तेव्हा उपाय थोडे उरलेले असतात. म्हणून अशा प्रत्येक रुग्णाने तीन महिन्यांनी रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब यांची तपासणी करून घ्यावी, असा वैद्यकीय संकेत आहे. रुग्णालयातून मिळालेला कागद त्यासाठी जपून ठेवावा.

येथे गावाची मदत मोलाची ठरते. १५ सप्टेंबर २०२० पासून राबविलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर जाऊन ताप व ऑक्सिजन तपासण्यात आला आणि सहव्याधींची विचारपूस झाली. हे काम गावपातळीवरील पथकांनीच पार पाडले. मधुमेह व रक्तदाब असलेल्यांची अशीच यादी गावात अद्ययावत ठेवली, तर कोविड असो वा इन्फ्लुएंझा, पुढील साथीत कोणाकडे प्रथम लक्ष द्यावयाचे हे शोधत बसावे लागणार नाही. रुग्णालयातून परतलेल्यांच्या तीन महिन्यांनंतरच्या तपासणीची आठवण आशा कार्यकर्तीने करून द्यावी, ग्रामसभेने त्याचा आढावा घ्यावा, आणि दुखण्यावर परस्पर गोळ्या घेऊ नयेत हे शिक्षकांनी मुलांमार्फत घरांपर्यंत पोहोचवावे.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्राम येथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले, ते खेड्याला डोळ्यांसमोर ठेवून. रुग्णालयाच्या दारापर्यंत येण्यापूर्वी आणि तेथून परतल्यावर रुग्ण खेड्यातच असतो. त्याची मूत्रपिंडे जपण्याचे बरेचसे काम खेड्याच्याच हाती आहे, आणि त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक खुणेचे भांडे, एक यादी आणि वेळेवर केलेली तपासणी.