गाडीतून जळका वास : माल वाचवायचा तर नाकाचे ऐका

कापडाच्या धंद्यात सूत, सायझिंग, मजुरी, प्रोसेस यांचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. परंतु तयार माल ज्या पिकअपमधून बाजारात जातो, तिच्याबद्दल आपल्याला बहुधा फक्त भाडेच माहीत असते. ताके भरले, ताडपत्री बांधली, चलन ड्रायव्हरच्या हाती दिले की आपली जबाबदारी संपली, असे आपण समजतो. हा गाफीलपणा किती महागात पडू शकतो याचा तजुर्बा काही वर्षांपूर्वी मला आला.

मालेगावहून ग्रे कापड भरून भाड्याची पिकअप भिवंडीला निघाली होती. मीही सोबत होतो. घोटी सोडल्यावर जळका वास येऊ लागला. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, कुणी शेतात कचरा जाळत असेल." दोन-तीन किलोमीटर गेलो तरी वास पाठ सोडीना. बाहेरचा वास मागे राहतो. जो बरोबर चालतो तो आपल्याच गाडीचा. मग तो म्हणाला, "क्लच असेल." पण गाडी वरच्या गियरमध्ये, क्लचवर पाय नाही, मग क्लच जळेल कसा? गाडी बाजूला घेतली. मागच्या उजव्या चाकाजवळ हात नेला तर भट्टीसारखी धग. डावे चाक मात्र कोमट. हँडब्रेकची त्या बाजूची केबल गंजून अडकली होती आणि त्या चाकाचा ब्रेक रस्ताभर घासत होता. पुढे कसारा घाटाचा उतार होता. तापलेल्या ब्रेकवर भरलेली गाडी तेथे उतरवली असती तर काय झाले असते, हा विचार आजही नकोसा वाटतो.

तेव्हा व्यापारी बांधवांनी व ड्रायव्हर मंडळींनी वासांची ओळख करून घेणे जरुरीचे आहे. कोणता वास, कुठून आणि केव्हा, या तीन प्रश्नांतच बहुतेक निदान असते.

जळक्या कागदासारखा किंवा उग्र वास चढावर, ट्रॅफिकमध्ये किंवा भरलेली गाडी रिव्हर्स घेताना आला तर क्लच समजावा. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, ही क्लच प्लेट घसरत असल्याची खूण आहे. तसाच वास उतारावर आणि चाकाजवळ आला तर तो ब्रेकचा. दोन्ही बाजूंची चाके सारखी तापली असतील तर ब्रेक जास्त वापरला गेला आहे. एकच तापले असेल तर तेथे काहीतरी अडकले आहे किंवा बेअरिंग खराब झाले आहे. ब्रेक फार तापले की लायनरची पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे जुने ऑइल लवकर उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल खाली जाते. म्हणून घाट ज्या गियरमध्ये चढावा लागेल त्याच गियरमध्ये उतरावा आणि ब्रेक ऑइल वेळेवर बदलावे.

जळक्या रबराचा वास बॉनेटमधून आणि सोबत किंचाळल्यासारखा आवाज आला तर फॅन बेल्ट घसरत आहे. मागून आला तर जादा वजनाने बॉडी टायरला घासत नाही ना, ते पाहावे. गाडी थांबल्यावर तेलकट धूर निघत असेल तर इंजिन ऑइल गळून गरम सायलेन्सरच्या पाइपावर पडत आहे. गोडसर वास कुलंटचा असतो. अशा वेळी गरम रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे बॅटरी जादा चार्ज होत आहे. तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको.

सर्वांत धोक्याचा वास जळक्या प्लास्टिकचा. तो वायरिंगचा असू शकतो. चावी ताबडतोब बंद करावी व बॅटरीची केबल काढावी. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणारा मिस्त्री दहा मिनिटांची सोय करतो आणि गाडी जाळण्याची तयारी करून ठेवतो. मात्र कधी कधी सायलेन्सरला चिकटलेली प्लास्टिकची पिशवी हेही साधे कारण निघते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांपैकी अनेक डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी गाळणी असते. साचलेली काजळी गाडी स्वतःच सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून जाळते. त्या वेळी येणारा गरम वास हा बिघाड नव्हे. परंतु तेव्हा गाडी सुक्या गवतावर किंवा कापडाच्या चिंध्यांवर उभी करू नये.

आपल्या मालाची एक खास गोष्ट लक्षात ठेवावी. सुती गाठीत ठिणगी गेली तर ज्वाळा दिसत नाही. ती आतल्या आत तासन्‌तास धुमसते. वरून पाणी मारले म्हणजे विझली असे नाही. ती गाठ बाकीच्या मालापासून दूर नेऊन, उघडून, आतपर्यंत भिजवावी लागते. अशी गाठ गोडाऊनमध्ये गेली तर रात्री संपूर्ण गोडाऊन पेटू शकते. ताडपत्रीचा दोर किंवा टोक सायलेन्सरकडे लोंबता कामा नये.

वास आला की गाडी मोकळ्या जागी थांबवावी, इंजिन बंद करावे, चाकांना दगड लावावेत. चाकाला हात लावू नये. उलटा हात नुसता जवळ नेऊन धग पाहावी. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते एकदम पूर्ण उघडू नये. गाडीत पावडरचे अग्निशामक हवेच. गाडीच्या विम्यात आपला माल धरलेला नसतो. त्यासाठी वाहतुकीचा वेगळा विमा घ्यावा लागतो, हेही विसरू नये.

शेवटी एक गोष्ट आपल्याच गल्ल्याकडची. ड्रायव्हरला वास येतो, पण तो थांबत नाही. का? कारण आपला फोन वाजत असतो, "कुठवर आलास?" उशीर झाला की आपण भाडे कापतो. त्या दिवशी आमचा दीड तास गेला, व्यापाऱ्याची दोन बोलणी ऐकावी लागली. पण माल पोहोचला आणि ड्रायव्हर आपल्या मुलाबाळांत परतला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : वासासाठी थांबलेल्या गाडीचा एक रुपयाही कापायचा नाही.