मतदारसंघाची वेस

कर्जत स्थानकाजवळच्या भिसेगावातून पहाटेची लोकल गाठण्यासाठी जो नोकरदार घराबाहेर पडतो, त्याची भाकरी मुंबईत असते आणि जिल्ह्याची कचेरी अलिबागेत. लोकसभेतील त्याचा प्रतिनिधी मात्र २००९ पासून सह्याद्रीपलीकडच्या पिंपरी-चिंचवडमधून येत आहे. तीन दिशांना ओढल्या गेलेल्या या मतदाराने निवडणुकीत काय केले, याची चर्चा पुष्कळ होते. त्याच्या मताभोवती कुंपण कोणी व कसे घातले, याची फारशी होत नाही. हे कुंपण पुन्हा हलविले जाण्याचा काळ जवळ येत असल्यामुळे ही चर्चा आता झाली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

पूर्वी शिक्षकी पेशात असताना आम्ही मुलांकडून कोकणचा नकाशा काढून घेत असू. पूर्वेला सह्याद्रीची रेघ ओढली की ती कोकणची वेस, हे चौथीतल्या मुलालाही सांगावे लागत नसे. उल्हास आणि पाताळगंगा या नद्या अरबी समुद्राकडे जातात, इंद्रायणी आणि पवना भीमेकडे, म्हणजे अखेर बंगालच्या उपसागराकडे. निसर्गाने घातलेली ही वेस २००८ च्या पुनर्रचनेत लोकसभेपुरती पुसली गेली. मावळ नावाच्या नव्या मतदारसंघात रायगडचे पनवेल, कर्जत व उरण आणि पुणे जिल्ह्यातील मावळ, चिंचवड व पिंपरी असे सहा विधानसभा मतदारसंघ एकत्र आले. रायगड लोकसभा मतदारसंघाची भरती मग रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली आणि गुहागर घेऊन करण्यात आली. एका जिल्ह्याचे तीन तुकडे पूर्वेला दिले आणि दक्षिणेचे दोन आणून त्यास जोडले, असा हा हिशेब.

विधानसभेची पाटीही त्याच वेळी बदलली. २००४ पर्यंत हा प्रदेश ‘खालापूर’ या नावाने आमदार निवडून देत असे. ‘कर्जत’ हे नाव तेव्हा अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील मतदारसंघाकडे होते. २००९ पासून तिकडे कर्जत-जामखेड झाले आणि इकडे कर्जत. नाव बदलले तरी माणसे तीच राहिली, हे खरे. परंतु खालापूर तालुक्याचा काही भाग उरण मतदारसंघाकडे गेला आणि एका तालुक्याला दोन आमदार झाले.

ही माणसे कोणाची मिंधी कधीच नव्हती. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषविणारे, शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठारे चालविणारे भाई कोतवाल याच मातीतले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह त्यांनी देह ठेवला, तेव्हा प्रौढ मतदानाचा हक्क या देशात यावयाचा होता. तो आल्यावर जुन्या कुलाबा जिल्ह्याने तो कसा वापरला, हे लोकसभेचा इतिहास सांगतो. १९५२ साली कुलाब्याने चिंतामणराव देशमुखांना निवडले. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडले, आणि १९५७ साली त्याच कुलाब्याने शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत यांना दिल्लीस पाठविले. १९७७ साली दि. बा. पाटील, १९८० साली काँग्रेसचे अं. तु. पाटील, १९८४ साली पुन्हा दि. बा., १९८९ साली बॅ. अंतुले असा हा झोका चालू राहिला. यांतील १९८४ ची निवडणूक विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या असता कुलाबा त्या लाटेत वाहून गेला नाही.

विधानसभेतही तोच बाणा दिसतो. १९९५ साली शिवसेनेचे देवेंद्र साटम, १९९९ साली राष्ट्रवादी काँग्रेसचे सुरेश लाड, २००४ साली पुन्हा साटम, २००९ साली पुन्हा लाड. २०१४ साली लाड यांनी शेकापचे महेंद्र थोरवे यांच्यावर जेमतेम १,९०० मतांनी विजय मिळविला. २०१९ साली तेच थोरवे शिवसेनेच्या चिन्हावर उभे राहिले आणि त्यांनी लाड यांचा सुमारे १८,००० मतांनी पराभव केला. २०२२ साली शिवसेना दुभंगली, थोरवे एकनाथ शिंदे यांच्यासमवेत गेले. २०२४ साली राष्ट्रवादीतून बंड करून अपक्ष उभे राहिलेले सुधाकर घारे आणि ठाकरे गटाचे नितीन सावंत यांच्याशी झालेल्या तिरंगी लढतीत थोरवे ५,६९४ मतांनी विजयी झाले. कोणता पक्ष योग्य, हे सांगण्याचा येथे आमचा हेतू नाही. पक्ष फुटतात, चिन्हे बदलतात, उमेदवार इकडून तिकडे जातात. तरीही येथील मतदार दर वेळी नव्याने विचार करून मत देतो, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे. एक-दोन हजार मतांनी आमदार बदलणारा मतदारसंघ हा उमेदवाराला वाडीवस्तीवर पायी जावयास लावतो.

लोकसभेत मात्र ही किंमत उरत नाही. २०२४ साली चिंचवड आणि पनवेल येथे प्रत्येकी सुमारे सहा लाख मतदार होते. कर्जतमध्ये त्यांच्या सुमारे निम्मे. मावळचा निकाल कोठे ठरणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. २००९ साली गजानन बाबर आणि त्यानंतर तीन वेळा श्रीरंग बारणे असे चारही वेळा पिंपरी-चिंचवडचे रहिवासी निवडून आले. यात त्यांचा काही दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. जेथे मते अधिक, तेथे उमेदवार अधिक, हा गणिताचा नियमच आहे.

यावर कोणी म्हणेल की, लोकसंख्या समान ठेवावयाची तर डोंगर-नद्या पाहून चालत नाही. शिवाय घाट हा आता अडसर राहिलेला नाही, बोरघाटातून रेल्वे १८६३ पासून धावते आहे. या आक्षेपात तथ्य आहे. घाटावरचे पाणीसुद्धा याच उतारावरून खाली येते. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली याच पाण्यावर उभे राहिले, आणि त्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालल्या. पण त्यातही एक धडा आहे. वीज मुंबईस गेली आणि डोंगरउतारावरच्या ठाकर-कातकरी वाड्यांतील बाया चैत्र-वैशाखात हंडे घेऊन डवऱ्याच्या शोधात हिंडत राहिल्या. जोडणी कोणाच्या सोयीने होते, हा प्रश्न पाण्याला लागू आहे, तसाच मतांनाही. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, पन्नासाहून अधिक माणसे मातीतच राहिली. अशा वाड्यांची दुखणी कारखान्यांच्या आणि सदनिकांच्या गर्दीत ऐकू जावयाची, तर त्यांचा प्रतिनिधी त्यांच्या उंबऱ्याजवळचा असावा लागतो.

आता मुद्द्याची गोष्ट. २००८ ची पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर आधारलेली होती, आणि राज्यांच्या वाट्याच्या जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविल्या गेल्या. ती मुदत सरत आली आहे. पुढच्या आखणीत पनवेलची वाढलेली वस्ती कोठेतरी सामावून घ्यावी लागेल आणि शेजारचे खालापूर व कर्जत तिच्या वाटेवरच आहेत. तसे झाल्यास लोकसभेत जे घडले तेच विधानसभेत घडेल: डोंगरउतारावरच्या वाड्या महानगराच्या शेपटास बांधल्या जातील आणि १,९०० मतांचे ते मोल इतिहासजमा होईल.

पुनर्रचना आयोग आपला मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती व सूचना मागवितो, जाहीर सुनावणी घेतो. भूप्रदेशाची रचना, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय यांचा विचार करावयास कायदाच त्यास सांगतो. परंतु आदेश एकदा राजपत्रात आला की त्याविरुद्ध न्यायालयात दाद मिळणे फार दुरापास्त. म्हणून बोलावयाचे ते आधीच. निवडणुकीच्या सभांना हजारोंनी जमणारा आमचा सुशिक्षित वर्ग अशा सुनावणीस किती जातो, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनास विचारावा. हरकतीचा कागद लिहावयास पक्षाचे तिकीट लागत नाही. नकाशा वाचता आला आणि आपला तालुका ठाऊक असला म्हणजे पुरे. ग्रामपंचायती, नगरपालिका, प्रवासी संघटना आणि शिक्षक यांनी आतापासून एकत्र बसून दोन मागण्या तरी निश्चित कराव्यात: तालुका शक्यतो तोडू नये, आणि कोकणच्या मतदाराला कोकणातच राहू द्यावे.

पहाटेच्या लोकलला भिसेगावचा नोकरदार एक मिनिटही उशीर करीत नाही. पुनर्रचनेची गाडी सुटण्यापूर्वीही त्याने फलाटावर हजर राहावे, एवढीच आमची त्यास विनंती आहे.