तन्वीन
तन्वीन : अरबी भाषेत नामाच्या वा विशेषणाच्या अंत्य ऱ्हस्व स्वरानंतर उच्चारला जाणारा ‘न्’. ‘नून’ या वर्णनामावरून ही संज्ञा बनली आहे. शब्द अनिश्चित असल्याचे सामान्यतः तन्वीनावरून कळते. उदा., रजुल (पुरुष) या शब्दाची अनिश्चित रूपे प्रथमेत रजुलुन्, द्वितीयेत रजुलन् व षष्ठीत रजुलिन् अशी होतात. ‘अल्’ हे निश्चित उपपद लागल्यास किंवा नामापुढे षष्ठ्यंत संबंधी नाम आल्यास तन्वीन लोप पावते. तथापि ती केवळ अनिश्चिततेची खूण नव्हे : मुहम्मदुन् यांसारखी विशेषनामे निश्चित असूनही तन्वीन घेतात, तर काही वर्गांतील नामे अनिश्चित असूनही ते घेत नाहीत.

तन्वीनामुळे वाक्यार्थही पालटतो. परंपरागत कथेनुसार अब्बासी खलीफा हारून अल्-रशीद (कार. ७८६–८०९) याच्यासमोर वैयाकरण अल्-किसाई याने न्यायपंडित अबू यूसुफ (मृ. ७९८) यास दोन वाक्यांतील फरक विचारला. ‘अना कातिलु गुलामिक’ म्हणजे ‘मी तुझ्या गुलामाचा मारेकरी आहे’. ही गुन्ह्याची कबुली होय. ‘अना कातिलुन् गुलामक’ म्हणजे ‘मी तुझ्या गुलामास मारणार आहे’. येथे कृत्य अद्याप घडलेले नाही.

लेखनात या उच्चारासाठी नून हे अक्षर न योजता स्वरचिन्ह दुहेरी काढतात. अरबी लेखन विरामातील उच्चारांवर आधारलेले आहे. विरामात ‘उन्’ व ‘इन्’ यांचा लोप होऊन ‘रजुल’ उरते. ‘अन्’चा मात्र ‘आ’ होऊन ‘रजुला’ असा उच्चार होतो. म्हणूनच ‘अन्’सोबत बहुधा अलिफ लिहितात. ‘मदीनतन्’ (नगर) यासारख्या स्त्रीलिंगी शब्दाचा विरामातील उच्चार ‘मदीनह्’ असल्याने तेथे अलिफ नसतो.

कुराणपठणात विराम न घेतल्यास पुढील वर्णानुसार उच्चार ठरतो. सहा कंठस्थानीय वर्णांपूर्वी ‘न्’ स्पष्ट राहतो. य, र, म, ल, व, न यांपूर्वी तो त्यांत मिसळतो. ‘ब’पूर्वी त्याचा ‘म्’ होतो. उरलेल्या पंधरा वर्णांपूर्वी तो अस्पष्ट अनुनासिक होतो.

वृत्तपत्रांत व बहुतेक पुस्तकांत स्वरचिन्हे छापीत नसल्याने वाचकाला योग्य रूप व्याकरणाच्या आधारे ठरवावे लागते. बहुतेक बोलभाषांतून विभक्तिप्रत्ययांबरोबर तन्वीनही लुप्त झाले आहे. तथापि ‘शुक्रन्’ (आभार) यासारख्या रूढ शब्दांत ते टिकून आहे. अरबीतून फार्सीमार्गे आलेल्या उर्दूतील फौरन, तकरीबन, मसलन या क्रियाविशेषणांच्या अंती ऐकू येणारा ‘न’ही मूळचा द्वितीयेच्या तन्वीनाचाच होय.