भिंतीत किती ऊन मावतं?

परंड्याच्या किल्ल्याची तटबंदी एप्रिल-मे महिन्यांत रात्रीची जेवणं उरकल्यावरही हाताला ऊनच लागते. काळा दगड दिवसभर तापतो आणि अंधारात सावकाश निवतो, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. तो नेमकी किती उष्णता धरतो, याचं उत्तर मात्र आकड्यात देता येतं, आणि ते काढायची रीत थेट ट्रॉम्बेच्या अणुइंधनापर्यंत जाते.

बेसॉल्ट म्हणजे रसायनाच्या हिशेबी बहुतांशी ऑक्साइडं: निम्म्याच्या आसपास सिलिका, मग अ‍ॅल्युमिना, लोहाची ऑक्साइडं, चुना, मॅग्नेशिया. दगडात ती सुटी नसतात, खनिजांत बांधलेली असतात. तरीही प्रत्येकाची उष्माधारकता वजनाच्या प्रमाणात घेऊन बेरीज केली, की दगडाचा आकडा बराचसा जुळतो. ही बेरीज एकोणिसाव्या शतकातल्या नॉयमान आणि कॉप या जर्मन शास्त्रज्ञांची. दख्खनच्या बेसॉल्टचे सर्वसाधारण घटक घेऊन ती केली, तर ग्रॅममागे दर अंशाला सुमारे ०.७६ ज्यूल येतात; प्रत्यक्ष मोजणीत ०.८ किंवा थोडे जास्त. कागद-पेन्सिलीवर काढलेल्या उत्तराला हे मुळीच वाईट नाही.

घनमीटरभर बेसॉल्ट सुमारे २,९०० किलोंचा. तो १० अंशांनी निवला, तर सहा-साडेसहा युनिट विजेइतकी उष्णता बाहेर पडते. अर्थात अख्खी भिंत रोज तापत नाही. वीतभर आत गेलं, की दिवस-रात्रीचा चढउतार पाव हिश्श्यावर येतो. याच किल्ल्यातून १६३२ साली विजापूरला गेलेली मलिक-ए-मैदान तोफ काशाची. किलोमागे तिचा धातू दगडाच्या निम्मीही उष्णता धरत नाही. घनफळानं मोजलं, तर मात्र तोच वरचढ.

प्रयोगशाळेत मोजणी करतात ती काही मिलिमीटरच्या दोन डब्यांत. एक डबी रिकामी, दुसरीत काही मिलिग्रॅम पूड. दोन्ही एकाच वेगानं तापवायच्या आणि भरलेल्या डबीला किती जास्त उष्णता द्यावी लागली ते टिपायचं. हे तीनदा करतात: आधी दोन्ही डब्या रिकाम्या ठेवून, मग नीलमणी घालून, शेवटी नमुना घालून. नीलमणी म्हणजे स्फटिकरूप अ‍ॅल्युमिना. त्याचे आकडे पक्के ठाऊक असल्यानं तोच तराजूचं वजन ठरतो. फार वरच्या तापमानांना ही डबी पुरत नाही. तिथे तापलेला तुकडा थेट उष्मामापीत टाकतात आणि त्यानं किती उष्णता सोडली ते मोजतात.

मग सिद्धान्त कशाला? ड्यूलाँ आणि पेती यांनी १८१९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार घन पदार्थातल्या दर मोल अणूंमागे दर अंशाला सुमारे २५ ज्यूल यायला हवेत. अ‍ॅल्युमिनाच्या एका रेणुसूत्रात पाच अणू, म्हणजे १२५. खोलीच्या तापमानाला मोजले तर भरतात ७९. हलका ऑक्सिजन घट्ट बंधांत इतक्या वेगानं कंप पावतो, की साध्या तापमानाला ती कंपनं पुरती जागीच होत नाहीत. आइनस्टाइननं १९०७ मध्ये आणि डिबायनं १९१२ मध्ये याचं गणित मांडलं. जड थोरियमच्या ऑक्साइडात, म्हणजे थोरियात, ही तूट बरीच कमी: अपेक्षा ७५ ची, हाती ६२.

आता थोरिया आलाच आहे तर ट्रॉम्बे. भारताजवळ थोरियम मुबलक, म्हणून ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात थोरिया आणि थोरिया-युरेनियाच्या (युरेनिया म्हणजे युरेनियमचं ऑक्साइड) मिश्रणांची उष्माधारकता काळजीपूर्वक मोजली गेली. अणुभट्टीचं शीतन थांबलं, तर इंधनाची गोळी किती वेगानं तापेल हे याच आकड्यावर ठरतं. लेझरच्या झोतानं उष्णतेचा प्रसार मोजता येतो, पण त्यावरून उष्णतावाहकता काढायची तरी घनता आणि उष्माधारकता हाताशी लागतेच. मिश्रणांना कॉपची बेरीज बरीच लागू पडते. मात्र युरेनियाच्या बाबतीत २,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास ऑक्सिजनचे अणू मोठ्या प्रमाणावर जागा सोडू लागतात, आलेख उसळतो आणि साध्या कंपनांचं गणित तोकडं पडतं.

अणुइंधनातली प्लुटोनियमची ऑक्साइडं तर हवाबंद पेटीत, हातमोज्यांतूनच हाताळावी लागतात. म्हणून अनेक चाचण्या आधी सिरियमच्या ऑक्साइडावर करतात, कारण स्फटिकाची घडण तीच. पण खूप तापवलं, की सिरिया ऑक्सिजन गमावतो. त्यामुळे त्या टप्प्यावरचे त्याचे आकडे प्लुटोनियाच्या रकान्यात जसेच्या तसे भरता येत नाहीत.