सल्लागार समिती आणि तिचे उपविधी

स्थानिक स्वराज्य संस्थेला सल्ला देणाऱ्या समितीकडे अंमलबजावणीचे अधिकार नसतात. तिचे सामर्थ्य तिच्या उपविधींत असते. सदस्य कोण असावेत, बैठक केव्हा व्हावी, गणपूर्ती किती असावी आणि दिलेल्या सल्ल्याचे उत्तर कोणी द्यावे, हे चार प्रश्न उपविधींत सुटलेले नसतील, तर समिती केवळ कागदावर उरते. म्हणूनच परिस्थिती बदलली की उपविधीही अद्ययावत करावे लागतात.

अंबरनाथ पूर्व येथील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली आणि अंबरनाथ तिच्या हद्दीत समाविष्ट झाले. १९९२ मध्ये ते वेगळे होऊन तेथे पुन्हा नगरपरिषद आली. अशा रीतीने एकाच दशकात हे गाव १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाखाली गेले आणि १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली परत आले. रहिवासी तेच राहिले. परंतु आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी आले आणि समित्यांची रचनाही बदलली. अशा वेळी एखाद्या समितीच्या उपविधींत ‘अहवाल आयुक्तांस सादर करावा’ हे शब्द तसेच राहिले, तर सल्ला कोणाकडे जाणार?

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरपालिकांत प्रभाग समित्या स्थापन करणे अनुच्छेद २४३-एस अन्वये बंधनकारक झाले. यासाठी आकडे प्रसिद्ध झालेल्या लगतच्या जनगणनेतील लोकसंख्या धरली जाते. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या २,५३,४७५ होती. त्या आकड्यानुसार हे बंधन येथे लागू होत नाही. मात्र प्रभाग समित्यांखेरीज अन्य समित्यांची तरतूद करण्यास राज्य विधानमंडळाला हा अनुच्छेद आडकाठी करीत नाही.

अशा सल्ल्याची निकड पूर्व भागात सहज ध्यानी येते. शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे शिलाहारकालीन शिवमंदिर येथेच वालधुनी नदीच्या काठी उभे आहे. मंदिर केंद्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. २०१० च्या कायदेदुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित क्षेत्र ठरते. नदी पुढे उल्हासनगर महानगरपालिकेच्या हद्दीतून वाहते. तेव्हा मंदिर परिसर वा नदी यांविषयीचा सल्ला कोणकोणत्या कार्यालयांकडे पाठवावा, हे उपविधींतच नमूद असणे इष्ट ठरते.

उपविधी बदलण्याची रीतही समजून घेतली पाहिजे. अधिनियम विधानमंडळ करते, त्याखालील नियम शासन करते आणि त्या दोहोंच्या चौकटीत स्थानिक संस्था उपविधी करते. अधिनियमाशी विसंगत असलेला उपविधी टिकत नाही. जेथे पूर्वप्रसिद्धीची अट आहे, तेथे १९०४ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार मसुदा प्रसिद्ध करून तो विचारात घेण्याची तारीख जाहीर करावी लागते आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचनांचा विचार करावा लागतो. हा केवळ उपचार नव्हे. ज्यांच्यासाठी समिती आहे, त्यांचे म्हणणे ऐकण्याची ती संधी होय.

रचना लेखी निश्चित असल्याचा लाभ शिक्षकांना परिचित आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरविले. त्यामुळे ही गोष्ट कोणाच्या मर्जीवर राहिली नाही. ग्रामपंचायत असो वा नगरपरिषद, सल्लागार समितीचे उपविधी तपासताना हीच कसोटी लावावी. सदस्यांची मुदत, बैठकांमधील कमाल अंतर, इतिवृत्त खुले ठेवण्याची रीत आणि सल्ला अमान्य केल्यास त्याची लेखी कारणे देण्याचे बंधन ही चार कलमे त्यांत असावीत. सल्ला मानणे बंधनकारक नसले, तरी त्याला उत्तर मिळणे अगत्याचे आहे. ते मिळत राहिले, तरच नागरिक पुढच्या बैठकीस येतात.