हिरव्या रंगाचे मोजमाप

तलासरीच्या भातखाचरात एखादा तुकडा पिवळसर दिसू लागला, की शेतकरी म्हणतो, "खत कमी पडलं." नत्र कमी पडले की पानातील हरितद्रव्य घटते, हे त्याने रंगावरून ओळखलेले असते. पण डोळ्याला फरक जाणवेपर्यंत काही दिवस हातचे गेलेले असतात. तो आधी कळेल का?

हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषते. हिरवा त्या मानाने कमी शोषला जातो, म्हणून पान हिरवे दिसते. लाल भागात, ६८० नॅनोमीटरच्या आसपास, निरोगी पान जेमतेम पाच टक्के प्रकाश परत पाठवते. ७५० च्या पुढे, डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात, तेच पान जवळजवळ निम्मा प्रकाश परावर्तित करते. पानातील पेशी आणि त्यांमधील हवेच्या पोकळ्या यांमुळे हे घडते. या दोहोंमध्ये परावर्तनाचा आलेख कड्यासारखा उभा चढतो. हरितद्रव्य घटले, की हा चढ काही नॅनोमीटर आखूड तरंगलांबीकडे सरकतो.

साध्या उपग्रह-कॅमेऱ्याचे पट्टे मोजके आणि रुंद असतात. एवढे बारीक सरकणे त्यांत हरवते. हायपरस्पेक्ट्रल संवेदक त्याच प्रकाशाचे पाच-दहा नॅनोमीटर रुंदीचे शेकडो काप करतो. २०१५-१६ मध्ये इस्रो व नासा यांनी विमानात असे उपकरण बसवून भारतात अनेक ठिकाणी मोजणी केली. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी इस्रोने 'हायसिस' हा याच जातीचा उपग्रह सोडला.

आता हे तंत्र डहाणू-तलासरीला लावून पाहू. हायसिसच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवर ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, म्हणजे सुमारे नऊ गुंठे. दहा-दहा मीटरवर लावलेल्या चिकूची त्यात नऊ झाडे बसतात. लहान खाचरांचा मात्र भात, बांध आणि बांधावरचे झाड असा मिसळलेला प्रकाश येतो. शिवाय भात वाढतो ऐन पावसाळ्यात, आणि ढगांतून या संवेदकाला दिसत नाही. घोलवडचा सदाहरित चिकू पावसाळ्यानंतर महिनोन्महिने निरभ्र आकाशाखाली असतो. तेव्हा या तंत्राला भातापेक्षा चिकू सोपा.

पण मोजमाप म्हणजे निदान नव्हे. नत्राची कमतरता, मुळाशी साचलेले पाणी, रोग, यांपैकी कशानेही हरितद्रव्य घटते. डहाणूच्या कोळशावरील वीजकेंद्रामुळे चिकूचे उत्पादन घटले, अशी बागायतदारांची तक्रार होती. २००७ मध्ये तेथे धुरातील सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा सुरू झाली. हा वायू ओलाव्याशी मिळून आम्ल बनवतो आणि आम्ल हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियम काढून घेते. तरीही फिकट पानाच्या आलेखावर धुराचे नाव लिहिलेले नसते. उलट, चिकूचे बी पोखरणारी अळी फळात लपते. पाने हिरवीगार आणि फळ वाया! कोणत्या बागेत जायचे ते नकाशा सांगेल. कारण मात्र झाडाखाली उभे राहून, माती आणि पाने तपासूनच ठरवावे लागेल.

वर्गात एक प्रयोग करा. पालकाची पाने एका भांड्यात साध्या पाण्यात आणि दुसऱ्यात चिंचेच्या कोळात थोडा वेळ उकळा. दुसरी पाने तपकिरी पडतील; आम्लाने मॅग्नेशियम काढले. मग विद्यार्थ्यांना विचारा: नुसत्या रंगावरून, आम्ल चिंचेचे की लिंबाचे, हे सांगता येईल का?